काळ्या नाण्याची घासपूस

बारा मे. सकाळी साडेसहापासून ओट्याशी उभी आहे. पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं आहे. दोन तबकं, निरांजनं, अत्तरदाणी आणि डझनभर फुलपात्रं, म्हणजे घरातली सगळी चांदी, माझ्यावर सोपवून बाकीची मंडळी साड्यांच्या खरेदीला गेली आहेत. सूनबाईनं जाताना एक बाटली पुढं ठेवली. यात बुडवायचं आणि बाहेर काढायचं, घासायची गरजच नाही, असं तिचं म्हणणं. ती बाटली मी फडताळात मागं ढकलली आणि रात्री भिजत घातलेले रिठे कुस्करायला घेतले. रिठ्याचा फेस कोपरापर्यंत आला की मला दर वेळी एकच गोष्ट आठवते आणि मी एकटीच हसते. घरात कोणी नाही तोवर हात पुसून ती लिहून टाकते. भांडी कुठं पळून जात नाहीत.

माझं माहेर कोल्हापूरजवळच्या हुपरीचं. पुढच्या सोप्यात चांदीचं काम, मधे स्वयंपाक, माडीवर झोपायचं. दिवसभर तार ओढायच्या यंत्राची घरघर आणि ऐरणीवरचे बारीक ठोके. संध्याकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, तयार पैंजणांची जुडी हातात धरून झटकायचे. तेव्हा घरातून वीस-पंचवीस नव्या नवऱ्या एकदम चालत गेल्यासारखा आवाज व्हायचा. भाकऱ्या आटोपल्या की आई चुलीजवळच मांडी घालून कड्या जोडायला बसायची. तिच्या हाताला लसणाचा आणि धातूचा असा एक मिश्र वास असायचा, तो मला अजून ओळखता येईल. आमच्याकडं शाळेचा अभ्यास एक वेळ चुकला तरी चालायचा, पण केर काढताना चूक झालेली चालत नसे. झाडू भिंतीपासून आत यायचा, आतून बाहेर कधीही नाही. धूळ उडवायची नाही, सरकवायची. शेवटची चिमूटभर धूळ ओल्या बोटानं उचलायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची, कारण तिच्यात चांदीचा कीस असतो. कारागीर हात धुवायचे ते पाणीसुद्धा गटारात जात नसे. वर्षातून एकदा झारेकरी यायचा आणि तो सगळा केर, राख आणि गाळ धुऊन त्यातून चांदी वेगळी काढून द्यायचा. लहानपणी मला वाटायचं की जगात सगळ्यांच्याच घरी केर जपून ठेवतात. कोल्हापूरला कॉलेजात आले, मैत्रिणीच्या खोलीवर तिनं झाडून सगळं दारातून बाहेर उडवलेलं बघितलं, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं होतं.

या केरानंच मला परदेशी नेलं. एम. ए.ला आम्हाला प्राचीन इतिहास शिकवायला मार्थाबाई होत्या. कोल्हापूरच्याच जुन्या ख्रिस्ती घरातल्या. अंगानं काटक, मनगटाला पुरुषी घड्याळ, आणि बोलणं असं की वर्गातले पैलवानसुद्धा मागचा बाक सोडून पुढं येऊन बसायचे. एकदा त्यांनी बायबलमधली गोष्ट सांगितली. एका बाईच्या चांदीच्या दहा नाण्यांतलं एक हरवतं, ती दिवा लावते, सगळं घर झाडून काढते आणि ते सापडल्यावर शेजारणींना बोलावते. बाईंनी विचारलं, यावरून त्या काळच्या घराबद्दल काय कळतं? कुणी श्रद्धा म्हणालं, कुणी गरिबी म्हणालं. मी म्हणाले, जमीन मातीची होती, खिडकी नव्हती, आणि त्या बाईनं केर टाकलेला नव्हता, नाहीतर नाणं उकिरड्यावर गेलं असतं. बाईंनी खडू खाली ठेवला. पुढच्या महिन्यात जॉर्डनला अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या पाच जणांत माझं नाव होतं.

आण्णांना सांगितलं तेव्हा ते झाळकाम करत होते, म्हणजे फुंकणीनं ज्योत फुंकून कड्या सांधत होते. तिथं बघायला काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बायबलमधली जुनी गावं, जमिनीतून उकरून काढलेली. गावं उकरायला तेवढ्या लांब कशाला, आपल्या पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी उकरून झाली आहे की, असं त्यांचं मत पडलं. मग बराच वेळ फुंकणी चालू राहिली. शेवटी तोंडातली फुंकणी काढून म्हणाले, "जा. पण चांदी दिसली तर किती टंच हाय बघून ये. त्या लोकांनी भेसळ किती घातली कळंल तरी." टंच म्हणजे चांदीचा कस. आईनं तेवढ्यात केसांसाठी रिठ्यांची पिशवी आणि स्टीलच्या डब्यात दाबून भरलेली कांदा-लसणाची चटणी बॅगेत कोंबली. पुढं जे झालं त्याची सगळी सामग्री अशी घरूनच निघाली होती.

दौऱ्यात माझ्या खोलीत शमीम होती. शिरोळची, उसाच्या पट्ट्यातली, आवाज ट्रॅक्टरवरून बोलल्यासारखा. लहानपणी मौलवींकडं कुराणाचं अरबी पठण केलं होतं, त्यामुळं तिकडं गेल्यावर बोलण्याचं मी बघतो, असं तिनं आम्हाला पुण्यापासून ऐकवलं होतं. (आम्ही मुली तेव्हा सर्रास 'बघतो, जातो' असंच बोलायचो. आजही रागावले की माझं तेच होतं.) विमानतळावर उतरल्यावर तिनं टॅक्सीवाल्याला अतिशय शुद्ध उच्चारात काहीतरी ऐकवलं. तो खाली उतरला, त्यानं छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला. पत्ता मात्र त्याला शेवटपर्यंत कळला नाही.

पहिले चार दिवस बाईंनी आम्हाला चालवून चालवून मारलं. मादबा गावच्या चर्चमधला फरशीवरचा रंगीत खड्यांचा नकाशा दाखवला. नबो पर्वतावर नेलं. चाळीस वर्षं रान तुडवून आपल्या लोकांना घेऊन मोशे इथवर आला, त्याला इथून देवानं वचन दिलेला देश दिसला, पण आत जायची परवानगी मिळाली नाही, असं बाई सांगत होत्या. वारा भणाणत होता, समोर धुरकट दरी होती. शमीम म्हणाली, एवढं चालून आल्यावर गेट बंद म्हणजे आमच्या तहसील कचेरीसारखंच झालं. बाईंनी तोंड फिरवलं. त्या रागावल्या असं आम्हाला वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी. मी कृष्णा-पंचगंगेचं पात्र डोळ्यांसमोर धरून गेले होते. बघते तर लव्हाळ्यातून जाणारं मातकट पाणी. शमीम काठावर उकिडवी बसून म्हणाली, "बाई, आमच्या उसाचा पाट हिच्यापेक्षा रुंद हाय." बाई म्हणाल्या, "येशूचा बाप्तिस्मा हिच्यात झाला. पाटात कुणाचा झाला का अजून? मग गप बघ."

पाचव्या दिवशी आम्ही खऱ्या कामावर गेलो. मादबापासून तासाभरावर एक टेकाड होतं, त्याच्या पोटात जुनं गाव. खोदकामाचे प्रमुख एक उंच, उन्हानं तांबडे झालेले गृहस्थ होते. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. बसमध्येच बाईंनी आम्हाला बजावलं. चार वर्षं पत्रं लिहिल्यावर ही परवानगी मिळाली आहे. कोल्हापूरची ही पहिलीच तुकडी. या पाच जणांचं काम बघून साहेब ठरवणार, की दर वर्षी आपली मुलं बोलवायची की हीच शेवटची. खालच्या वर्गातल्या मुली आतापासून पासपोर्टचे फोटो काढून बसल्या आहेत. आणि नियम एकच: काही सापडलं तर पुसायचं नाही, खरवडायचं नाही, फुंकर घालायची नाही. पिशवीत टाकायचं, चिठ्ठी लावायची, द्यायचं. बाई हे बोलताना माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

माझी नेमणूक चाळणीवर झाली. खड्ड्यातून आलेली माती मोठ्या चाळणीत टाकायची आणि हलवायची. अबू सालेम नावाचे म्हातारे मुकादम माझ्याबरोबर होते. डोक्याला लाल चौकड्याचं फडकं, तोंडात सदैव पुदिन्याच्या चहाचा घोट. दोन दिवस खापरं आणि हाडं निघाली. तिसऱ्या दिवशी चाळणीत चिंचोक्याएवढा काळा चपटा खडा उरला. अबू सालेमनी बघून ओठ वाकडा केला आणि टाकून दे अशी खूण केली. मी तो उचलला मात्र, तळहातानं मला सांगितलं की ही चांदी आहे, बहुतेक नाणं. वजन कळतं. जिनं दहा वर्षं आण्णांच्या हाताखाली कडीतली कडी उचलली तिला कळतं. मी तो कागदी पिशवीत टाकला, वर खड्ड्याचा क्रमांक लिहिला. उन्हामुळं काम एकला थांबायचं आणि सापडलेल्या वस्तू संध्याकाळी सहाला वसतिगृहाच्या जेवणघरात नोंदवल्या जायच्या. तोवर आपल्या खड्ड्याची टोपली ज्यानं त्यानं सांभाळायची. म्हणजे माझ्याकडं पाच तास होते.

खोलीत शमीम घोरत होती. मला केस धुवायचे होते म्हणून मी सकाळीच मगमध्ये रिठे भिजत घातले होते. मी नाणं हातात घेऊन नुसती बघत बसले. त्याच्यावर कुणाचा तरी चेहरा असावा असा उंचवटा लागत होता. आण्णांचं टंच आठवलं. कड जराशी घासली तर रंगावरून अंदाज येईल, एवढंच मनात होतं. आता खरं सांगते. पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण ते डोक्यानं केलेलंच नाही. आमच्या घरात काळी चांदी हातात आली की हात पुढचं काम आपोआप करतात. रिठ्याचं पाणी, दुपारच्या ताटातलं उरलेलं लिंबू, चिमूट मीठ आणि माझा दात घासायचा ब्रश. तासाभरानं मी भानावर आले तेव्हा माझ्या ओंजळीत एक लखलखीत नाणं होतं, त्याच्यावर मोठ्या नाकाचा एक माणूस होता, आणि मी त्याला ओढणीच्या टोकानं शेवटचा हात देत होते. टंच नव्वदच्या आसपास. मला फार समाधान वाटलं. शमीमला हलवून उठवलं आणि दाखवलं.

ती डोळे चोळत बघत राहिली. मग विचारलं, "हे कुठलं?"

"खड्ड्यातलं."

"चमकायलंय कसं मग?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पायाखालून फरशी सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाईंची चार वर्षांची पत्रं, त्या फोटो काढून बसलेल्या मुली, सगळं त्या नाण्यात दिसायला लागलं. ते चकचकीत असल्यामुळं चांगलंच दिसत होतं.

पण चांदी पांढरी करणाऱ्या घरात ती काळी कशी होते हेही ठाऊक असतं. आमच्याकडं जुन्या घडणीचा दागिना मागितला तर कारागीर चांदी मुद्दाम काळी करतात. औषध असतं त्याला. ते नसलं तर उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. मी शमीमला म्हणाले, चार अंडी पाहिजेत, उकडलेली, आत्ता. अरबीचं मी बघतो म्हणून ती खाली गेली. पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून कोंबडीचा आवाज ऐकू आला, मग दोन माणसांचं हसणं. ती अंडी घेऊन वर आली आणि म्हणाली, "पठण केलं तर आचारी आमीन म्हणाला. मग कोंबडी झालो."

झाकणाचा घट्ट डबा एकच होता, चटणीचा. चटणी कागदावर काढली, डबा पुसला, धुवायला वेळ नव्हता. गरम बलक कुस्करून तळाला, त्यावर काड्यांची आडवी चौकट, तिच्यावर नाणं, आणि झाकण लावून डबा खिडकीत उन्हात. दर अर्ध्या तासानं आम्ही उघडून बघत होतो. आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळट. साडेपाचला ते इतकं सुंदर काळं झालं होतं की आण्णांनी त्याला शाबासकी दिली असती. मी ते पिशवीत टाकलं. अंड्यांचे पांढरे भाग शमीमनं चटणीबरोबर खाल्ले. पुरावा ठेवू नये, असं ती म्हणाली.

सहाला जेवणघरात साहेब वही उघडून बसले. माझी पिशवी आली. त्यांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला. उत्तम स्थितीत आहे, असं ते म्हणाले आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता थांबले. नाणं नाकाशी नेलं. या टेकाडाच्या मातीला असा वास पूर्वी कधी आला नव्हता, असं म्हणून त्यांनी ते शेजारच्याला दिलं. नाणं टेबलाभोवती फिरलं. प्रत्येकानं हुंगलं आणि विद्वान माणसं करतात तशी मान डोलावली. कुणीतरी गंधकाच्या झऱ्याबद्दल बोलायला लागलं. मग ते मार्थाबाईंच्या हातात आलं. बाईंनी एकदाच हुंगलं, सावकाश खाली ठेवलं आणि मला व्हरांड्यात यायला सांगितलं.

"चटणी कुणाच्या घरची?" बाईंनी विचारलं.

"आमच्या."

"लसूण जास्त झालाय."

"आईला लागतो."

"आणि आणखी काय?"

"अंडी. चार. त्याआधी रिठा."

बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "घासलंस ती चूक झाली. ती मी निस्तरली असती. पण तो काळा रंग आता तुझा आहे, आणि आत तो माणूस वहीत लिहितोय की तो मातीचा आहे. उद्या कुणीतरी त्याच्यावर पुस्तक लिहील."

मी म्हणाले, सांगितलं तर पुढच्या वर्षीच्या मुलींचं काय? बाई म्हणाल्या, "येतील नाहीतर न येतील. वही खोटी होता कामा नये. इंग्रजी मी करून देते. बोलायचं तू."

मी आत गेले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. मी मराठीतून, बाई इंग्रजीतून. मला वाटलं होतं बाई जरा गुळगुळीत करतील. त्यांनी लिंबाची फोडसुद्धा सोडली नाही. अंड्यांपाशी आल्यावर शमीम उठली आणि ती मी आणली म्हणाली. कोंबडीचं बाईंनी विचारून घेतलं आणि तेही सांगितलं. कुणी हसलं नाही, आणि त्यानं जास्त वाईट वाटलं. साहेबांनी रिठा कसा लिहायचा ते विचारलं, मीठ किती, ऊन किती वेळ, सगळं विचारलं. आजही त्या वहीत त्या नाण्यासमोर अर्धं पान आमचं आहे: रिठा, लिंबू, अंडी, लसूण, कोल्हापूर. मग त्यांनी विचारलं की काळं असताना ते चांदीचं आहे हे कसं कळलं, कारण मुकादमांनी टाकायला सांगितलं होतं. मी तळहात दाखवला. तो त्यांनी भिंगाखाली धरला नाही एवढंच. (चार महिन्यांनी प्रयोगशाळेचा आकडा कळवणारं पत्र आलं. माझा अंदाज दोननं चुकला होता. आण्णा म्हणाले, "हात बसलाय म्हणायचा." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र देत नाहीत.)

निकाल तिथंच लागला. सापडलेल्या कुठल्याही वस्तूला मी हात लावायचा नाही. सकाळी पाचला यायचं आणि फोटो काढायच्या आधी खड्डे झाडायचे. पुढच्या वर्षीचं काय ते साहेब उद्या बाईंना सांगणार होते. अबू सालेमनी जाता जाता माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि पेल्याचा आधी वास घेऊन दाखवला. त्या संध्याकाळी हसलेला तो एकटाच माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला मी खड्ड्यात होते. झाडू त्यांचा, पद्धत आईची. भिंतीपासून आत, न उडवता, कोपरे आधी. मातीची जुनी जमीन हळूहळू वर आली, तिच्यातले दगड, चुलीची काळी जागा, सगळं पुसलेल्या पाटीसारखं स्वच्छ. शेवटची चिमूटभर धूळ ओल्या बोटानं उचलली आणि कागदात घेतली. पुडी बांधली, वर खड्ड्याचा क्रमांक घातला. साहेब आणि बाई आले तेव्हा मी ती पुढं केली. हे काय, म्हणून साहेबांनी विचारलं. केर, मी म्हणाले, आमच्यात टाकत नाहीत. त्यांनी पुडी सोडली, बारीक चाळणीत ओतली आणि गुडघ्यावर बसून स्वतः चाळली. काही निघालं नाही. त्यांनी ती धूळ परत कागदात घेतली, पण पुडी काही बांधता येईना. ती मी बांधून दिली.

मग ते झाडलेल्या जमिनीकडं बघत राहिले आणि पुढच्या वर्षी किती जणी आणणार असं त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी त्यांना उलट विचारलं, झाडणाऱ्या हव्यात की घासणाऱ्या? उत्तर ऐकायला मी थांबले नाही. झाडू घेतला, शेजारच्या खड्ड्यात उतरले आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली.